गाडीला धुरी

माझी नोकरी गळत्या शोधण्याची आहे. अंधेरीला एमआयडीसीत वेफर्स आणि फरसाण पाकिटात भरणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर पाकिटं पाण्याखाली दाबायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, हे माझं काम. बुडबुडा आला की तो सगळा माल परत. यामुळे माझ्या अंगात एक खोड शिरली आहे: कुठे काही सुस्कारताना ऐकलं की मला चैन पडत नाही. घरचा कुकर असो की शेजारचा फ्लश, मी उठून कान लावते. अशा बाईने हौसेने घेतलेली पहिली गाडीच नेमकी वारा गळणारी निघाली.

गाडी माझ्याआधी दोघांनी वापरलेली होती. डिझेल, करडा रंग, मागच्या दारावर कुणाच्या तरी लेकराने खरवडलेला मासा. पण टर्बोवाली! घेतली तेव्हा पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि मी एकटीच गाडीत खिदळायची. मग काही दिवसांनी तिचं काहीतरी बिनसलं. हायवेवरचा साधा पूल चढताना पाय पार तळाला टेकवला तरी बाईसाहेब ढिम्म. बॉनेटखालून नुसतं ‘सूंऽऽ’, आणि मागून काळा धूर. रिक्षावाले मला ओव्हरटेक करताना मान वळवून बघायचे. एकाने तर हाताने ढकलल्याची खूण केली. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एरवी मी हे सगळं सहन केलं असतं, पण मध्ये ताईचा प्रश्न होता.

ताई माझी मोठी बहीण. बाळंतपणाला आमच्याकडे, चारकोपला आली होती. सासर नाशिकला. बाळ तीन महिन्यांचं झालं की तिला सासरी पोचवायचं, असं ठरलेलं. तिच्या लग्नात ती सासरच्या फुलं लावलेल्या गाडीत बसून गेली आणि आम्ही मागून टेम्पोत, रुखवताच्या सामानावर बसून गेलो. माझ्या मांडीवर रव्याच्या लाडवांचं ताट होतं आणि आईच्या मांडीवर शिलाई मशीन. त्या टेम्पोतच मी ठरवलं होतं, की पुढच्या खेपेला माझी बहीण आमच्या दारातून आमच्याच गाडीतून जाईल. आता गाडी होती, बहीण होती, वर भाचाही होता. आणि जिजूंचा फोन आला, “तुम्ही कशाला त्रास घेता? मी मोठी गाडी घेऊन न्यायला येतो.” जिजू माणूस चांगला आहे. पण त्या ‘मोठी’ शब्दावर मला जे काय झालं, ते झालं.

“मला हिच्याच गाडीतून जायचंय,” ताईने आतून ओरडून सांगितलं. त्या क्षणी मी तिचे लहानपणापासूनचे सगळे अपराध माफ केले.

प्रश्न बाबांचा होता. बाबा बसमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. आयुष्यभर बसच्या मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी ड्रायव्हर लोकांच्या चुका पाहिल्या, त्यामुळे त्यांचा कुठल्याही ड्रायव्हरवर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. ते म्हणाले, “कसाऱ्याच्या घाटात तान्हं पोर घेऊन गाडी रुसली तर काय करशील? आधी आपल्या सगळ्यांना बसवून आरेतला चढ चढून दाखव. भरलेली बस चढते तो चढ. चढलीस तर तुझ्याच गाडीतून जाऊ. नाहीतर मी जावईबापूंना हो म्हणून टाकतो.”

झालं. माझी इज्जत आरे कॉलनीतल्या एका चढावर टांगली गेली.

आधी मी गाडी आमच्या इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, एकदा रेस मारायला लावली आणि डॉक्टर वाईट बातमी देतात तशा आवाजात सांगितलं, “टर्बो गया, मॅडम. नया डालना पडेगा.” मी म्हटलं, गळती असेल. तो हसला. मी पाय आपटत परत आले. टर्बो म्हणजे काय, तर बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. ती दाबलेली हवा जाडजूड पाइपांमधून इंजिनापर्यंत जाते. आता वाटेत पाइप फाटला किंवा त्याची क्लिप सैल पडली, तर पंख्याने कितीही जीव काढला तरी हवा वाटेतच पळणार. आणि बॉनेटखाली ते ‘सूंऽऽ’ मी स्वतःच्या कानांनी ऐकत होते. सूं म्हणजे गळती. यात मला शिकवायला कुणी येऊ नये.

सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या आवारातच दुकान मांडलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून हार्डवेअरवाल्याकडून प्लॅस्टिकचं एक झाकण आणलं होतं. त्याला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व बसवला. एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडात हे झाकण घट्ट अडकवलं. आता वॉल्वमधून पंपाने हवा भरायची, आणि पाइपांवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडा शोधायचा. पाण्याखाली पाकीट दाबण्यासारखंच, फक्त इथे पाकीट गाडीत बसवलेलं.

पायपंप बाबांकडे दिला. साबणाच्या पाण्याचं काम आईकडे. आई टोप घेऊन खाली आली, तर त्यात नुसता फेस! तिने भांड्यांचा साबण घालून ताकाच्या रवीने घुसळून आणला होता. “चांगला साबण व्हयो ना?” आईचं माहेर मालवणकडचं, कौतुकात आली की ती हमखास मालवणीत शिरते. मी नको नको म्हणेपर्यंत तिने अर्धा टोप इंजिनावर ओतला. मग काय विचारता! क्लिपांवर फेस, बॅटरीवर फेस, जिथे पाइप नाही तिथेही फेस. बुडबुडा शोधायचा कुठे, सगळीकडेच बुडबुडे. बाबा मान खाली घालून इमानदारीत पंप मारत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, “मिळाला का?” वर गॅलरीत ताई बाळाला घेऊन उभी होती. तिला इतकं हसू आलं, की तिने बाळ आत पाळण्यात ठेवलं आणि मोकळ्या हातांनी हसायला परत बाहेर आली.

ते सगळं पुसून काढलं. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली असते, तिच्यात पातळ साबणपाणी भरून पुन्हा सुरुवात केली. या वेळी वरच्या पाइपाच्या क्लिपेशी छोटे छोटे बुडबुडे आले. अगदी माझ्या कंपनीतल्यासारखे, गोजिरवाणे! मी आनंदाने किंचाळले. क्लिप आवळली, सगळं परत जोडलं आणि पूल चढून आले. गाडी पूर्वीपेक्षा जरा बरी होती. पण सूं होतंच, जरा खालच्या सुरात. आता आवाज कुठून तरी खोलातून येत होता, जिथे हातही पोचत नाही आणि नजरही. रात्री जेवायला बसलो. आईने मला न विचारता पापड जास्त वाढला, म्हणजे माझा चेहरा किती पडला असेल बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीप्रमाणे बाळाला न्हाऊ घालून धुरी देत होती. करवंट्या जाळून केलेले निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीची सालं. खोलीची दारं-खिडक्या बंद, धुराचा मंद वास, आणि त्यात बाळ असं काही झोपायचं, की जणू आदल्या दिवशी दोन शिफ्ट करून आलंय. तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या काकू दारात उभ्या. “काय गं, रोज रोज हे काय? दार बंद करता ना तुम्ही? मग तुमचा ओवा आमच्या बाथरूममध्ये कसा येतो?”

मी म्हटलं, “कुठून येतो, काकू? नेमका कुठून?”

“कुठून म्हणजे? त्या नळाच्या पाइपाच्या बाजूला फट आहे, तिथून. धुराला काय, बारीकशी फट पुरते.”

मी काकूंना मिठी मारली. त्या भांडायला आल्या होत्या, त्यामुळे त्यांना कळेना आता काय करावं.

त्याच संध्याकाळी कामावरून आल्या आल्या मी तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा घेतला आणि त्याला दोन भोकं पाडली. एकात पंपाची नळी आणि दुसऱ्यात कुंड्यांना पाणी घालायचा पाइप, त्याचं दुसरं टोक टर्बोच्या तोंडावरच्या झाकणात. मध्ये पाण्याची बाटली, ठिणगी पुढे जाऊ नये म्हणून. बाबांनी ते सगळं बघून हसत हसत डोकं धरलं. “ही तर गुडगुडी झाली. गाडीला हुक्का पाजणार तू.” इंजिन थंडगार होतं. मी डब्यात निखारे घातले आणि वर ओला कागद टाकणार, तर आईने हात धरला.

“कागद? तान्ह्या पोराक कोण कागदाची धुरी देता?”

“आई, ही गाडी आहे.”

“असां दे. लेकराला नेणारी गाडी ना ती?” आणि तिने मूठभर ओवा, बाळंतशेपा, सालं, सगळा सरंजाम साग्रसंगीत डब्यात घातला. वर हात जोडून काहीतरी पुटपुटली. मी ऐकलं नाही, विचारलंही नाही.

बाबा पंप मारू लागले. बाटलीत गुडगुड, पाइपात धूर, आणि मी जमिनीवर आडवी पडून टॉर्च मारतेय. थोडा वेळ काहीच नाही. मग खाली, पार बंपरच्या आत, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जोडलेल्या रबरी पाइपाच्या पोटाखालून धुराची एक बारीक रेघ निघाली. सरळ, सावकाश, ओव्याच्या वासाची! “मिळाली! आई, मिळाली!” मी इतक्या जोरात ओरडले, की तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून “आग! आग!” सुरू केलं. वॉचमन रेतीची लाल बादली घेऊन धावत आला आणि “टाकू? टाकू काय?” म्हणत गाडीभोवती नाचू लागला. मी खालून ओरडतेय, “नको रे, नको!” बाबा हसून हसून पंपावरच बसले. वरून ताई ओरडली, “अगं, मुलगा झाला की मुलगी?”

रबरी पाइपाला खालच्या बाजूने बोटभर चीर पडली होती. बाहेरून बंद दिसायची. आतून हवेचा दाब आला, की ओठ उघडावेत तशी उघडायची. गॅरेजवाल्याला ती दिसली नाही यात त्याचा दोष नाही, पण मला मनातून फार बरं वाटलं.

नवा पाइप मागवला, क्लिपाही नव्या आणल्या. शनिवारी पाइप बसवायचं काम बाबांनी माझ्याकडून हिसकावून घेतलं. “तू नुसती घाई करतेस. पाइप प्रेमाने बसवायचा असतो.” मी चहा करायला वर गेले आणि परत येते तो पाइप बसलेला, क्लिपा आवळलेल्या, बाबा हात पुसत उभे. इतका घट्ट पाइप इतक्या पटकन कसा बसला, याचं मला आश्चर्य वाटलं. पण बाबा इतके खूश दिसत होते, की मी काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी आरेतला पेपर. पुढे बाबा, मागे आई आणि ताई, मध्ये बाळ. खरं तर गाडीत ओव्याचा असा वास भरला होता, की बाळ सीटवर ठेवल्या ठेवल्या गाढ झोपलं. त्याच्या मते धुरीची वेळ झाली होती. गोठे मागे पडले, झाडी दाट झाली, आणि तो चढ समोर आला. मी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

आणि गाडी उठली! अशी उठली, की ताईच्या तोंडून “आयला!” निघून गेलं, तेही आईच्या शेजारी बसून. सूं नाही, काळा धूर नाही, नुसतं खालून एक भरलेलं बळ आणि सीटला टेकलेली पाठ. मी वेड्यासारखी हसत होते. अर्धा चढ मागे पडला...

फटाक्!

बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि गाडीचा सगळा जीवच गेला. कशीबशी कडेला घेतली. तबेल्यातल्या दोन म्हशी रवंथ थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी बॉनेट उघडलं, तर नवाकोरा पाइप वरच्या तोंडातून निसटून बाजूला लोंबत होता. फाटला नव्हता, नुसता निसटला होता. मी बोट लावलं तर बोट घसरलं. नाकाशी नेलं. तो वास मी जन्मल्यापासून ओळखते.

“बाबा. खोबरेल?”

बाबा गाडीतून उतरलेच नव्हते. खिडकीतून म्हणाले, “जरासंच लावलं गं. अलगद बसावा म्हणून.”

आता आमच्या घरी खोबरेल सगळ्याला लागतं. डोक्याला, गुडघ्याला, दाराच्या बिजागरीला, न उघडणाऱ्या कुलपाला, आणि एकदा तर अडकलेल्या अंगठीलाही. बाबांनी या पाइपालाही लावलं, यात त्यांच्या दृष्टीने गैर काहीच नव्हतं. पण दाबाच्या हवेपुढे तेल लावलेला पाइप टिकतोय कसला! मी चिडायला तोंड उघडलं, आणि मागच्या सीटवरून एक विचित्र आवाज आला. आई हसत होती. ओठ दाबून, पदर तोंडात घालून, डोळ्यांतून पाणी काढत. मग ताई सुटली, मग मी, आणि मी बॉनेटवर डोकं टेकून हसत असताना शेवटी बाबाही. “माझ्या डोक्याला मेलं लावलं तर एक केस जागचा हलत नाही,” आई म्हणाली, “आणि पाइप उडालो!” एवढ्या गोंधळात फक्त बाळ जागं झालं नाही.

पाइप कसाबसा जागेवर कोंबून रांगत रांगत घरी आलो. मग कपाटातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या काढल्या. साथीच्या काळात आईने जमवलेल्या, टाकवत नव्हत्या म्हणून ठेवलेल्या. त्याने पाइप आणि पाइपाचं तोंड असं पुसलं, की तेलाचा अंशही राहिला नाही. मग कोरडा पाइप, कोऱ्या क्लिपा, आणि बसवताना माझे तळहात सोलून निघाले. बाबा शेजारी हात मागे बांधून उभे. त्यांना तसंच उभं राहायचं अशी सक्त ताकीद होती.

संध्याकाळी पुन्हा आरे. पुन्हा सगळे. या वेळी चढ कधी सुरू झाला आणि कधी संपला ते कळलंसुद्धा नाही. वर पोचल्यावर बाबांनी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केलं. बसमध्ये दोनदा बेल म्हणजे चला, पुढे घ्या. त्यांनी तिथूनच जिजूंना फोन लावला, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने घसा साफ करून म्हणाले, “तुम्ही येऊ नका. धाकटी घेऊन येतेय गाडी.” त्या रात्री मी झोपेतही हसत होते, असं ताई सांगते.

निघायचा दिवस आला. टपावर पाळणा बांधला. डिकीत डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, आहेराच्या साड्या, कुळथाचं पीठ, नाशकात मिळत नाही असं आईला वाटणारं सगळं. ताईच्या कपाळावर हळदीकुंकू, बाळाच्या गालाला काजळाची तीट, तशीच एक तीट आईने गाडीच्या बॉनेटवरही लावली. सोसायटीतले लोक गॅलरीतून हात हलवत होते. मी रुबाबात गेटबाहेर पडले. मला वाटत होतं, सगळ्या चारकोपाने बघावं.

ठाणं मागे पडलं, भिवंडी मागे पडली, आणि घाट सुरू झाला. ज्याची भीती घातली होती तो घाट. मी पाय दाबला आणि गाडीने तो चढ असा घेतला, की मला गाणं म्हणावंसं वाटलं. एक ट्रक मागे टाकला. दुसरा मागे टाकला. एक मोठी, अगदी जिजूंच्यासारखी गाडीही मागे टाकली, तेव्हा मी बाबांकडे बघितलं. बाबांनी काच खाली केली होती, त्यांचे पांढरे केस उडत होते, आणि ते शाळेतल्या पोरासारखे हसत होते. “घे, घे, त्यालाही घे!” ते म्हणाले. पुढे कंटेनर होता. मी इंडिकेटर दिला.

“इतकी घाई कित्याक गो?” आई मागून म्हणाली. “जरा हळू चलव.”

मी आरशात बघितलं. बाळ आईच्या मांडीवर होतं, जागं, तिचं बोट धरून. ताईने डोकं आईच्या खांद्यावर ठेवलं होतं आणि डोळे मिटले होते, पण ती झोपली नव्हती. घाट संपला की इगतपुरी, आणि मग नाशिक काही लांब नाही.

मी पाय उचलला. इंडिकेटर बंद केला. कंटेनर निघून गेला, मग ती मोठी गाडी, मग एकेक करून सगळे ट्रक, हॉर्न वाजवत. बाबांनी काच वर केली.